इंटिरियर डिझाइनिंग करायचंय? सांगली-साताऱ्याकडून नेहमी येणारे प्रश्न आणि माझी सरळ उत्तरं

दहावी-बारावीचा निकाल लागला की माझा फोन सुरू होतो. मावशीच्या जावेची मुलगी, साइटवरच्या प्लंबरचा भाचा, कुणी विट्याहून, कुणी कोरेगावहून, आणि प्रश्न तेच. मी सांगलीत हे काम करते, साताऱ्याकडं पण साइट असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. जाहिरातीतली उत्तरं नाहीयेत, त्यामुळं काही आवडणार नाहीत.

इंटिरियर डिझायनर म्हणजे नक्की काय करतो? पडदे आणि रंग निवडायचे ना?

पडदे सगळ्यात शेवटी येतात हो. आधी मापं. रिकाम्या फ्लॅटमध्ये टेप घेऊन प्रत्येक भिंत, बीमचा खालचा लेव्हल, खिडकीची सिल, प्लगची जागा, ड्रेनेजचा पाइप कुठून गेलाय हे सगळं लिहायचं, मग घरात किती माणसं, आजी-आजोबा आहेत का, गॅस सिलिंडरचा का पाइपचा, पाहुणे आले की झोपतात कुठं हे विचारायचं, मग लेआउट, मग इलेक्ट्रिकचं ड्रॉइंग, फर्निचरची ड्रॉइंग, एस्टिमेट, आणि त्याच्यानंतर खरं काम, म्हणजे सुतार, इलेक्ट्रिशियन, पीओपीवाला, पेंटर आणि फरशीवाला हे पाच लोक एकमेकांच्या पायात न येता कामाला लावायचे. फॉल्स सीलिंग व्हायच्या आधी वरची वायरिंग झाली पाहिजे, टाइल लागायच्या आधी प्लंबिंगची टेस्ट झाली पाहिजे, पेंटरचा शेवटचा हात सुतार गेल्यावरच. हा क्रम चुकला की पैसे दोनदा जातात आणि शिव्या आपल्याला बसतात. कागदावरचं ड्रॉइंग हा या धंद्याचा लहान भाग आहे, मोठा भाग ते भिंतीवर उतरवून घेणं हाच आहे, आणि खाली जे काही लिहिलंय ते सगळं याच्यावरच येऊन थांबतं.

आर्किटेक्ट आणि इंटिरियर डिझायनर एकच का?

नाही. आर्किटेक्ट व्हायला पाच वर्षांचं बी.आर्क. लागतं, नाटा ही प्रवेश परीक्षा किंवा जेईईचा आर्किटेक्चरचा पेपर द्यावा लागतो, बारावीला मॅथ्स लागतं, आणि कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडं नाव नोंदवल्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही, त्यासाठी १९७२ चा कायदा आहे. इंटिरियर डिझायनरसाठी असं सरकारी कौन्सिल किंवा लायसन्स आपल्याकडं नाही. त्याच १९७२ साली इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरियर डिझायनर्स ही संघटना सुरू झाली, पण तिची मेंबरशिप ऐच्छिक आहे.

याचा चांगला अर्थ असा की पोरं लवकर कामाला लागतात. वाईट अर्थ असा की उद्या कुणीही बोर्ड लावतं. आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, आपण बिल्डिंगचा प्लॅन सही करू शकत नाही आणि भिंत पाडायची असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवायचं. गावभागातल्या जुन्या घरांत तर भिंतीवरच सगळा भार असतो, तिथं "ओपन किचन पाहिजे" म्हणून हातोडा मारला तर वरचा मजला खाली येईल.

दहावीनंतर करू का बारावीनंतर?

दोन्ही चालतं, घरची परिस्थिती बघा. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा असतो, परीक्षा एमएसबीटीई म्हणजे राज्याचं तंत्रशिक्षण मंडळ घेतं, ॲडमिशन सरकारी कॅप राउंडमधून. या कोर्सच्या कॉलेजांची यादी सिव्हिल-मेकॅनिकलसारखी लांबलचक नाही, त्यामुळं फॉर्म भरताना बघूनच भरा. आयटीआयमध्ये पण इंटिरियर डिझाइन अँड डेकोरेशन नावाचा एक वर्षाचा ट्रेड आहे, त्याच्याबद्दल कुणाला माहितीच नसतं.

बारावीनंतर बी.डेस. म्हणजे बॅचलर ऑफ डिझाइन, नाहीतर बॅचलर ऑफ इंटिरियर डिझाइन, चार वर्षं वगैरे. मोठं नाव पाहिजे असेल तर अहमदाबादचं एनआयडी म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन, तिथं फर्निचर आणि इंटिरियर एकत्र शिकवतात, त्याची दोन टप्प्यांची परीक्षा असते. अहमदाबादलाच सेप्ट युनिव्हर्सिटी आहे. यूसीड ही परीक्षा आयआयटी बॉम्बे घेतं, त्यातून आयआयटीच्या बी.डेस.ला जाता येतं, पण तो कोर्स सरळ इंटिरियरचा नाही, डिझाइनचा आहे, हे फॉर्म भरायच्या आधी कळलेलं बरं. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ पासूनचं, तिथं इंटिरियर डेकोरेशनचा विभाग आहे आणि मला विचाराल तर आपल्याकडच्या पोरांना तो सुचतच नाही, सगळे पुण्याच्या होर्डिंगकडं बघत बसतात.

आर्ट्स किंवा कॉमर्स घेतलं तर चालेल का?

बी.आर्क. सोडलं तर बहुतेक ठिकाणी चालतं. एनआयडी आणि यूसीडला कुठलीही साइड चालते. पण गणित सुटलं म्हणून खूश होऊ नका, रोजचा गुणाकार-भागाकार कुठं जात नाही. फूट-इंच-मिलिमीटर डोक्यात फिरवता आले पाहिजेत, कारण बिल्डर फुटात बोलतो, सुतार इंचात-सुतात (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) बोलतो आणि ड्रॉवरच्या चॅनेलचं कॅटलॉग मिलिमीटरमध्ये असतं.

चित्रकला बरी नाही, तरी जमेल का?

जमेल. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिली असेल तर हात वळलेला असतो, फायदा होतो, पण निसर्गचित्र छान काढणारी सगळीच पोरं चांगली डिझायनर होत नाहीत. लागतं ते वेगळंच. सुतारासमोर उभं राहून प्लायच्या तुकड्यावर पेन्सिलनं तीस सेकंदात जॉइंट काढून दाखवता आला पाहिजे, वाकडा का असेना, कळला पाहिजे.

सहा महिन्यांचा क्लास केला तर चालेल का? ते शंभर टक्के जॉब देतो म्हणतात.

शंभर टक्के जॉबवाल्यांना एकच विचारायचं, मागच्या बॅचमधली दोन पोरं सध्या कुठं काम करतात त्यांच्याशी बोलायला द्या. बघा काय म्हणतात ते.

सहा महिन्यांत सॉफ्टवेअर शिकता येतं, धंदा नाही. पण सरसकट वाईट असंही मी म्हणणार नाही. सिव्हिल डिप्लोमा झालेल्या पोराला किंवा लग्नानंतर परत काहीतरी सुरू करायचंय अशा ताईला छोटा कोर्स उपयोगी पडतो, कारण त्यांच्याकडं बाकीचं काहीतरी आधीच असतं. बारावी झालेल्या कोऱ्या पोरानं मात्र याच्यावर लाखभर रुपये घालू नयेत.

कोर्स कुठलाही असू दे, बघायला जाल तेव्हा एसी क्लासरूम आणि भिंतीवरचे थ्रीडी फोटो बघू नका. मटेरियल लायब्ररी आहे का बघा, म्हणजे प्लायचे, लॅमिनेटचे, हार्डवेअरचे खरे तुकडे हातात घेता येतात का. पोरांना साइटवर नेतात का आणि नेतात तर एकदा फोटो काढायला का काम सुरू असताना परत परत. शिकवणारा माणूस स्वतः प्रॅक्टिस करतो का. एस्टिमेट हा विषय शिकवतात का. आणि डिग्री म्हणत असतील तर कुठल्या युनिव्हर्सिटीची, ती यूजीसीच्या यादीत आहे का हे स्वतः तपासा, "सरकारमान्य" हा शब्द फ्लेक्सवर फुकट छापता येतो.

सांगलीतच राहून शिकू का पुण्याला जाऊ?

पुण्यात एक्सपोजर जास्त आहे, खोटं कशाला बोलू. शोरूम मोठ्या, प्रदर्शनं होतात, ऑफिसं-कॅफे असली कामं बघायला मिळतात. पण तिथं फी सोडून खोली, मेस, मॉडेल बनवायचं सामान, प्रिंटआउट असा खर्च दर महिन्याला येतो आणि तो कुणी आधी सांगत नाही. आपल्याकडं आर्किटेक्चरसाठी सांगलीत आप्पासाहेब बिरनाळे कॉलेज आहे, कोल्हापूर तासा-दीड तासावर आहे. साताऱ्याच्या पोरांना पुणे जवळ वाटतं, पण रोज अप-डाऊन करून या कोर्सचं सबमिशन होत नाही, रात्र रात्र जागायला लागतं, मग हॉस्टेलच घ्या.

माझं मत विचाराल तर शिकायला बाहेर जा, सुट्टीत मात्र इकडं कुठल्यातरी डिझायनरकडं किंवा सरळ सुताराकडं येऊन उभं राहा. कॉलेजमध्ये काय कमी पडतंय ते तेव्हाच कळतं.

लॅपटॉप कुठला घेऊ? सॉफ्टवेअर कुठली शिकू?

ऑटोकॅड आणि स्केचअप आधी. नंतर रेंडरिंगसाठी, म्हणजे डिझाइनचं फोटोसारखं चित्र काढायला, व्ही-रे किंवा एनस्केप, थ्रीडीएस मॅक्स जमलं तर सोन्याहून पिवळं. लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड आणि १६ जीबी रॅम पाहिजे, पण पहिल्या वर्षी घेऊ नका, पहिल्या वर्षी सगळं हातानंच काढायला लावतात आणि तोवर मशीन जुनं होतं. विद्यार्थ्यांना ऑटोकॅडचं शैक्षणिक लायसन्स फुकट मिळतं, क्रॅक व्हर्जनच्या नादी लागू नका.

प्लाय, लॅमिनेट, हे सगळं खरंच शिकायला लागतं का? ते सुताराला माहिती असतं ना.

सुताराला त्याच्या सोयीचं माहिती असतं.

प्लायचं शीट आठ बाय चार फुटांचं, म्हणजे ३२ स्क्वेअर फूट. तुमच्या घरातलं कपाट सात फुटांवर थांबतं आणि वर लॉफ्ट वेगळा असतो त्याचं कारण हेच, आठ फुटांच्या पुढं एक अखंड दरवाजा निघत नाही आणि निघाला तरी बाक येतो. कपाटाच्या बॉडीला १८ मिलिमीटर, पाठीला ६, बाहेरून १ मिलिमीटरचं लॅमिनेट, आतून पातळ. ही साधी गोष्ट माहिती नसेल तर १८ च्या नावाखाली १६ चं लागलेलं पण कळत नाही.

मग ग्रेड. एमआर म्हणजे फक्त दमट हवा सहन करणारा, पाणी नाही. बीडब्ल्यूआर त्याच्यापेक्षा बरा, किचनमध्ये चालतो. बीडब्ल्यूपी म्हणजे मरीन, आयएस ७१० या भारतीय मानकाचा, त्याची टेस्टच अशी की तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात आणि थर सुटायला नकोत. शीटवर शिक्का असतो, वाचायची सवय लावा. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेले बोर्ड, स्वस्त, फिनिशिंग छान, पण पाणी लागलं की फुगतो आणि फुगलेला परत बसत नाही.

आता सांगलीत हे का महत्त्वाचं ते मी वेगळं सांगायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४० फूट इशारा पातळी, ४५ धोका पातळी, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, २०२१ ला परत आलं. मारुती चौक, कर्नाळ रोड, दत्तनगर, सांगलीवाडी, इकडच्या तळमजल्यावर काम घेताना मी गिऱ्हाइकाला पहिल्यांदा विचारते की तुमच्याकडं पाणी किती आलं होतं, भिंतीवर हात लावून दाखवा. मग त्या खुणेच्या खाली फिक्स लाकूडकाम शक्य तेवढं कमी. किचन ओट्याखाली प्लायचे बॉक्स करण्याऐवजी कडप्प्याचे कप्पे आणि स्टीलच्या ट्रॉल्या, बेड आणि सोफा उचलून वर नेता येतील असे सुटे, स्विचबोर्ड वर, इन्व्हर्टर तर अजिबात खाली नाही. मरीन प्लाय लावला म्हणजे महापुरात टिकेल असंही कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, थर सुटणार नाहीत कदाचित पण चिखलाचं पाणी चार दिवस राहिलं की बिजागऱ्या, चॅनेल, कुलपं सगळी जातात आणि वास काही जात नाही. पुण्या-मुंबईचं पुस्तक हे शिकवत नाही.

सातारा जिल्ह्यात अजून वेगळं. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वर पण आहे आणि म्हसवड पण आहे. महाबळेश्वर-पाचगणी, पाटण, कोयनेकडं पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला चिकटून कपाट लावलं तर पाठीमागं बुरशी धरतेच, मागं थोडी फट आणि हवा खेळायला जागा सोडायला लागते, शक्य असेल तर आतल्याच भिंतीला कपाट घ्यायचं. माण-खटावकडं उलटं, तिथं धूळ आणि ऊन, पश्चिमेच्या खिडकीजवळच्या लॅमिनेटचा रंग उडतो. त्यामुळं इन्स्टाग्रामवरचं डिझाइन उचलून इकडं चिकटवलं असं चालत नाही.

मुलीला या लाइनला पाठवू का? साइटवर सगळी पुरुष माणसं असतात.

असतात. सुरुवातीला कुणी ऐकत नाही हे पण खरं. आपल्याकडचे बरेच सुतार राजस्थानचे, ते "मॅडम, ये ऐसा नही होता" म्हणून हसतात, मग तुम्ही टेप काढून त्यांच्या बॉक्सचा कर्ण मोजून दोन्हीकडं चार सुताचा फरक दाखवला की दुसऱ्या दिवसापासून "मॅडम, देख लो" सुरू होतं. मान ज्ञानाला मिळतो, आवाज चढवून नाही. अडचण खरी कुठं येते तर साइटवर बाथरूम नसतं आणि संध्याकाळी उशीर होतो. व्हिजिट सकाळी ठेवा, जवळ कुणाचं घर-दुकान ओळखीचं करून ठेवा, गाडी चालवायला शिका. स्कूटी येत नसेल तर कोर्सच्या आधी ती शिका, हे मी गंमत म्हणून म्हणत नाहीये.

पगार किती मिळतो? आणि स्वतःचं सुरू केलं तर फी कशी घ्यायची?

पहिला पगार सांगली-साताऱ्यात मेडिकलच्या दुकानातल्या पोराएवढाच असतो, आई-वडिलांना हे आधी सांगून ठेवा म्हणजे नंतर घरात बोलणी बसत नाहीत. पहिली दोन-तीन वर्षं शिकण्याचीच धरायची.

स्वतःचं असेल तर तीन पद्धती. एक, नुसत्या डिझाइनची फी, स्क्वेअर फुटावर किंवा ठोक. दोन, एकूण कामाच्या काही टक्के. तीन, टर्नकी म्हणजे मटेरियल-लेबर सगळं आपलं आणि फुटावर रेट. आपल्याकडं गिऱ्हाइकाला तिसरी पद्धत कळते, कारण "ड्रॉइंगचे कसले पैसे" हा प्रश्न अजून गेलेला नाही.

फुटाच्या रेटमध्ये भांडण कशावरून होतं ते सांगते. समजा सहा फूट रुंद, सात फूट उंच कपाट, समोरून मोजलं तर ४२ स्क्वेअर फूट. रेट समजा १४०० ठरला, ५८,८०० झाले. पण वर दोन फुटांचा लॉफ्ट आहे, तो अजून १२ स्क्वेअर फूट, म्हणजे ७५,६००. गिऱ्हाइकाच्या डोक्यात पहिला आकडा, तुमच्या डोक्यात दुसरा. आतले ड्रॉवर, आरसा, सॉफ्ट क्लोज बिजागरी धरली का नाही, ते वेगळंच. म्हणून कोटेशनमध्ये एकेक ओळ लिहायची, ब्रँडसकट, आणि व्हॉट्सॲपवर का होईना पण "मान्य आहे" असं लिहून घ्यायचं.

टॅक्सचं थोडक्यात. सर्व्हिसची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नंबर घ्यावा लागतो, डिझाइनच्या फीवर १८ टक्के. पुढचं सीएला विचारा, माझा तो प्रांत नाही.

दुकानदाराकडून कमिशन मिळतं म्हणे?

मिळतं. प्लायवाला देतो, टाइलवाला देतो, लाइटवाला तर घरी आणून देतो. या विषयावर सगळे गप्प बसतात म्हणून मी लिहिते. एकतर गिऱ्हाइकाकडून फी घ्या नाहीतर दुकानाकडून घ्या, दोन्हीकडून गुपचूप घेतलं की तुम्ही कुठला माल सुचवताय याच्यावर तुमचाच ताबा राहत नाही. माझ्याकडं नवीन पोरं येतात त्यांना मी सांगते की डिस्काउंट बिलातच पाडून घ्या, गिऱ्हाइकाला दिसू द्या आणि आपली फी ताठ मानेनं मागा. आपली गावं लहान आहेत, गिऱ्हाइकाचा साडू त्याच दुकानात कामाला असतो आणि कुणाला किती गेले हे रविवारी जेवताना निघतंच.

पण इकडं काम मिळतं का? लोक डिझायनर लावतात कुठं?

लावतात, फक्त गिऱ्हाईक कोण ते ओळखायला लागतं.

मिरजेत दवाखाने. हे काम घराच्या कामापेक्षा वेगळं आहे, व्हीलचेअर आत जाईल एवढा दरवाजा, स्ट्रेचर वळेल एवढा पॅसेज, पुसता येतील असे कोपरे, आणि एक्स-रेची खोली असेल तर अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम, तिथं मनानं काही करायचं नाही. हे एकदा नीट शिकलं की डॉक्टर एकमेकांना नाव सांगतात.

विटा-आटपाडी-खानापूरकडं गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा धंदा करणारे. माणूस दुकान घेऊन कुठल्यातरी लांबच्या शहरात, गावाकडं मोठा बंगला, आणि सगळे निर्णय व्हिडिओ कॉलवर. इथं थ्रीडी चांगलं काढणाऱ्याला खरी किंमत आहे, कारण मालकाला साइट दिसतच नाही. रंग मात्र स्क्रीनवर ठरवू नका, सॅम्पल कुरियर करा.

साताऱ्यात फौजींची घरं, अपशिंगे मिलिटरीसारखी गावंच्या गावं आहेत. तिथं साहेब सुट्टीवर येतात तेवढ्याच दिवसांत सगळं ठरवायचं असतं, त्यामुळं तयारी करून जायचं, "बघून सांगते" चालत नाही. बाकी महाबळेश्वर-वाई भागात होमस्टे आणि हॉटेलं, आणि सगळीकडं शेतकऱ्यांची नवीन घरं. शेतकऱ्याच्या घराचं पेमेंट ऊसबिलावर नाहीतर बेदाण्याच्या पट्टीवर असतं, हप्ते तसेच पाडा. पंधरवडा हप्ता मागून उपयोग नाही. आणि पितृपंधरवड्यात कुणी काम सुरू करत नाही, दसऱ्याला मात्र सगळ्यांनाच राहायला जायचं असतं.

वास्तुशास्त्र शिकायला लागतं का?

मूळ गोष्टी माहिती असू द्या, आग्नेयेला स्वयंपाकघर, ईशान्येला देवघर, झोपताना डोकं कुठं. तुमचा विश्वास असो नसो, गिऱ्हाइकाचा असतो आणि ऐनवेळी मामा येऊन ओटा फिरवायला सांगतो. म्हणून लेआउट फायनल करायच्या आधीच विचारायचं, "तुमच्याकडचं वास्तू कोण बघतं, त्यांना आत्ताच दाखवा."

एआयमुळं हे काम जाणार का?

फोटो काढायचं काम बऱ्यापैकी जाईल. गिऱ्हाईक आत्ताच एआयचा फोटो घेऊन येतं ज्यात बीम नसतो, खिडकी भलतीकडं असते आणि प्लगच नसतो. त्या फोटोतलं आपल्या दहा बाय अकराच्या खोलीत काय बसतं ते सांगायला माणूस लागतो. नुसतं रेंडरिंग शिकून पोट भरायचा विचार असेल तर मात्र फेरविचार करा.

वडील सुतार आहेत, मी त्यांच्याबरोबर काम करतो. मी कोर्स करावा का?

हा प्रश्न कमी येतो पण आला की मला सगळ्यात जास्त बरं वाटतं. कर रे बाबा. लाकूड कुठं फाटतं, बिजागरी कुठं बसते हे तुला येतं, ते शिकायला आमच्या पोरांना वर्षं जातात. तुला पाहिजे ते तीनच, ड्रॉइंग वाचणं-काढणं, एस्टिमेट लिहिणं आणि गिऱ्हाइकासमोर बसून बोलणं. आयटीआयचा एक वर्षाचा ट्रेड बघ, जमलं तर डिप्लोमा, नाहीच जमलं तर संध्याकाळी ऑटोकॅड शीक, दिवसा वडिलांबरोबर जा. आणि आजपासूनच एक कर, जे कपाट बनवशील त्याचं आधी कागदावर माप टाकून चित्र काढ, किती शीट लागणार ते लिही आणि काम झाल्यावर खरंच किती लागली ते शेजारी लिही. ती वही भरली की घेऊन ये माझ्याकडं, सोमवार सोडून कधीही, सोमवारी मी साताऱ्याला असते.